सातव्या ओळीतला राजा

चेस्टर्टन रस्ता, केंब्रिज
९ ऑक्टोबर १८९३

मि. एडविन पास्को यांस,
मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया.

आपण मला ओळखत नाही, आणि हे पत्र कोणत्या घरातून आलं आहे ते पाहून आपल्याला ते मिटून ठेवावंसं वाटेल. तरी वाचावं, एवढीच पहिली विनंती.

मी गेली दोन वर्षं प्रोफेसर अँब्रोझ थर्लो यांची लेखनिक आहे. लेखनिक म्हणजे खरं तर त्यांचे डोळे. उजव्या डोळ्याला खिडकी कुठे आहे एवढं अजून कळतं, डाव्याला तेही कळत नाही. फिनिशियन शिलालेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ येत्या वसंतात छापायचा आहे. एकशे साठ शिलालेख, पस्तीस वर्षांचं काम.

आपलं नाव मला त्यांच्याकडून कळलं नाही. ते या घरात घेतलं जात नाही. जुन्या कागदांत आपल्या १८६८च्या निबंधाची प्रत सापडली, तेव्हा मी घर सांभाळणाऱ्या ओडमबाईंना विचारलं, हे पास्को कोण?

“हळू बोल! नोकरी नकोशी झालीय का तुला?” असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि मग अर्धा तास त्याच बोलत होत्या. आपण या घरात मुलासारखे होतात म्हणे. मटण तीनदा वाढून घ्यायचात, आणि बागेत प्रोफेसरांबरोबर फिनिशियन भाषेत भांडायचात. “शब्द नाही कळायचे, पण शिव्या होत्या एवढं कळायचं. मग एक दिवस तो आला, कसलासा कागद टेबलावर ठेवला. सरांनी वाचला आणि म्हणाले, ‘तुमची टोपी दारामागे आहे, मि. पास्को.’ संपलं. टोपी घेऊन जो गेला तो थेट ऑस्ट्रेलियाला.”

तो कागद म्हणजे आपला निबंधच, तो मी वाचला आहे. आपण लिहिलं होतं की सायप्रसच्या त्या चर्चच्या उंबऱ्यातल्या दगडावर, सातव्या ओळीत, चौथ्या अक्षरानंतर काहीही वाचता येत नाही. प्रोफेसरांनी तिथे आणखी तीन अक्षरं वाचली होती, एका राजाचं नाव. हा राजा जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही. त्याच्यावर त्यांनी सायप्रसच्या राजांची सगळी कालगणना उभी केली आणि त्या कालगणनेवर त्यांना इथलं अध्यासन मिळालं. विद्यापीठात अजून त्याला ‘थर्लोचा राजा’ म्हणतात. आपल्या निबंधाला त्यांनी छापील उत्तर दिलं होतं: ‘मि. पास्को यांना जे दिसत नाही त्याची यादी करायला घेतली तर कागद पुरणार नाही.’ त्यानंतर आपल्याला इंग्लंडात कुठे जागा मिळाली नाही, असं कळतं.

मी त्यांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. ते लिंकनशायरमधल्या चांभाराचा मुलगा. समोर पुस्तक उघडून ठेवून बूट शिवायचे आणि जुने कपडे विकत फिरणाऱ्या एका ज्यू म्हाताऱ्याकडून त्यांनी हिब्रू अक्षरं शिकून घेतली. माझे वडील यॉर्कशायरमध्ये फस्टियन या जाड सुती कापडाच्या गिरणीत होते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. लंडन विद्यापीठ बायकांना ती देतं म्हणून मिळाली, केंब्रिज अजून देत नाही. पहिल्या दिवशी प्रोफेसरांनी मला विचारलं होतं, “वडील काय करतात?” मी सांगितलं. ते म्हणाले, “छान. म्हणजे तुम्हाला बसून काम करायची सवय असेल.” असा माणूस खोटं वाचेल यावर माझा विश्वास नाही.

आपणही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. आपण तरुण होतात आणि घाईत होतात. म्हणून विनंती अशी: प्रोफेसर आणि आपण सायप्रसला असताना त्या दगडाचे दोन कागदी ठसे घेतले होते, एक आपण घेतला होता. दगड पुढे चुन्याच्या भट्टीत गेला, त्यामुळे ते दोन कागद म्हणजेच आता तो दगड. आमच्याकडच्या ठशावर प्रोफेसरांनी पेन्सिल फिरवलेली आहे, त्यामुळे त्याचं छायाचित्र नीट येत नाही. आपला ठसा कोरा आहे. तो पाठवावा. दगडाला स्वतःच बोलू द्या. सत्यापुढे तुमचं आणि त्यांचं भांडण किती लहान आहे!

हे पत्र त्यांच्या नकळत लिहीत आहे.

आपली नम्र,
एस्तर हेलीवेल, बी. ए.

* * *

केंब्रिज, १४ नोव्हेंबर १८९३

मि. पास्को यांस,

माझं पहिलं पत्र काल-आज तुमच्या हाती पडलं असेल. त्यात मी ठसा मागितला होता. आता मागते आहे ते उलट: कृपा करून पाठवू नका. निदान एवढ्यात नको. तार करावी असं फार वाटलं, पण ऑस्ट्रेलियाला तार करण्याइतकी माझी ऐपत नाही. हे पत्र पोचेपर्यंत उशीर झाला नसला तर बरं.

झालं ते असं. महिन्यापूर्वी मी एका ठशाची घडी उलगडत होते, आणि प्रोफेसरांनी नुसता हात पुढे करून तो घेतला. दगडाकडच्या बाजूला अक्षरं उंच आणि उलटी उमटलेली असतात, तुम्हाला हे सांगायला नको. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं आणि पहिली ओळ घडाघडा वाचली. मग दुसरी. मी रडायला लागले. ते म्हणाले, “मिस हेलीवेल, कागदावर पाणी पडलं तर ठसा जाईल. बाहेर जाऊन रडा.” इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही रोज पाच-सहा ठसे घेतो. ते बोटांनी वाचतात, मी जुन्या वाचनाशी ताडून पाहते. जेवणाच्या टेबलावर सगळीकडे कागद असतात. ओडमबाई दारातून ओरडतात, “तुमचे मेलेले लोक उचला तिथून, मला ताटं मांडायचीत!” आणि प्रोफेसर म्हणतात, “थांबा बाई, यांच्यातला एक आता कुठे बोलायला लागलाय.”

सातव्या ओळीचा ठसा त्यांनी शेवटी ठेवला आहे, मुलं गोड घास ठेवतात तसा.

काल दुपारी मी तो आधी पाहून ठेवावा म्हणून पेटीतून काढला. ऊन तिरपं येत होतं. आजवर मी त्याची वाचायची बाजूच पाहिली होती, पेन्सिल असलेली. काल उलटी बाजू पाहिली. सात ओळींतली अक्षरं उन्हात स्वच्छ उभी होती. सातव्या ओळीत चार. पुढे कागद सपाट. दगडाची खरखर आहे, पण ती सगळीकडेच आहे.

मी दिवाणखान्यात जाऊन अगदी सहज विचारलं, सर, ठशांवर पेन्सिल का फिरवायचात? ते म्हणाले, “समुद्राच्या दमट हवेनं कागद फुगायचा, अक्षरं बसायची. म्हणून गुंडाळण्याआधी मी प्रत्येक अक्षर गिरवून ठेवायचो. दगड डोळ्यांत ताजा असतानाच.” मग जरा थांबून म्हणाले, “एक जण हसायचा त्याला.”

दगड डोळ्यांत ताजा असताना! त्यांच्या डोळ्यांत दगड होता आणि डोक्यात राजा होता, आणि पेन्सिल दोघांच्याही मागे गेली. पुढे बत्तीस वर्षं ते जेव्हा जेव्हा ठसा उघडायचे, तेव्हा पेन्सिल वाचत होते. इंग्लंडात परतल्यावर दगडाशी ताडून पाहायला दगडच उरला नव्हता. त्यात लबाडी कुठेही नाही. पण बोटांना पेन्सिल लागत नाही, मि. पास्को.

तुम्ही बरोबर होता. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. गेल्या पत्रातल्या माझ्या उपदेशाची मला लाज वाटते.

पण ते बहात्तर वर्षांचे आहेत. ग्रंथ येईपर्यंत तरी त्यांना ते कळू नये. त्यानंतर मी स्वतः तुमचं म्हणणं छापून आणीन, शब्द देते.

एस्तर हेलीवेल

* * *

केंब्रिज, २७ नोव्हेंबर १८९३

मि. पास्को यांस,

तुमचं उत्तर यायला अजून वेळ आहे, तरी लिहिते आहे. हे मला कुणाला तरी सांगायला हवं आणि इथे सांगण्यासारखं कुणी नाही. आईला वाचता येतं ते बायबलपुरतं. ठसा म्हणजे काय ते मी तिला एकदा समजावलं होतं: ओला जाड कागद दगडावर टाकायचा, ब्रशनं ठोकायचा, वाळला की सोलून काढायचा. ती म्हणाली, “म्हणजे दगडाचं धुणं वाळत घालतेस की. त्याला पदवी कशाला?” माझा भाऊ रूबेन म्हणाला, “धुण्याला नव्हे गं आई, इस्त्रीला लागते.” त्यांना मी काय सांगणार?

शुक्रवारी प्रोफेसर आपल्या भावाच्या विधवेकडे जेवायला गेले होते. मी पेटी उघडली. किल्ली माझ्याकडेच असते. बोळ्यानं पेन्सिलची बाजू ओली केली, जेमतेम तळहाताएवढी जागा. मग कागद कापायची हस्तिदंती सुरी घेतली आणि पेन्सिलच्या रेघांवरून तिचं टोक दाबत नेलं. तीन अक्षरं. दहा मिनिटंही लागली नाहीत. दोन दिवस ठसा माझ्या गादीखाली वाळत होता.

हात थरथरला नाही, याचंच मला नवल वाटतं. मी स्वतःला सांगत होते की ही अक्षरं छापील पुस्तकांत बत्तीस वर्षं आहेतच, मी फक्त ती कागदावर आणते आहे.

काल दुपारी त्यांनी तो ठसा मागितला. हात धुऊन, पुसून बसले. पहिल्या सहा ओळी म्हणत गेले, जणू जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तशा. सातवीला हळू झाले. चौथं अक्षर. मग माझी तीन. बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. त्यांनी अंगठ्याच्या नखानं कडा चाचपल्या.

“बरं,” ते म्हणाले. “झालं आजचं काम.”

एवढंच. ओडमबाईंनी चहा आणला तो तसाच थंड झाला. मला वाटतं आनंदानं त्यांना बोलवेना. बत्तीस वर्षांनी स्वतःच्या बोटांनी खात्री पटली, म्हातारपणी याहून काय मोठं मिळणार? असं मी आज दिवसभर स्वतःला सांगते आहे.

हे फक्त दयेनं केलं. तुम्ही मला दोष द्याल. द्या.

ए. हेलीवेल

* * *

केंब्रिज, २१ डिसेंबर १८९३

मि. पास्को यांस,

तुमचं पार्सल काल सकाळी आलं. माझ्या दुसऱ्या पत्राच्या आधी तुम्ही ते धाडलं होतं. सोबतची चिठ्ठी मी बऱ्याच वेळा वाचली. ‘बाईसाहेब, तुम्ही सत्याबद्दल लिहिता. मी इथे खाणकामगारांच्या मुलांना अंकगणित शिकवतो. ठसा तेवीस वर्षांत उघडलेला नाही. तुम्हीच उघडा.’

मी उघडला नाही. का, ते सांगते, पण आधी मागच्या पत्रातलं एक खोटं दुरुस्त करायला हवं. फक्त दयेनं केलं असं मी लिहिलं होतं. लंडनजवळच्या एका महिला महाविद्यालयात प्राचीन भाषा शिकवायची जागा आहे. प्रोफेसरांचं शिफारसपत्र गेलं तर ती मला मिळणार होती, आणि ग्रंथ छापायला गेला की ते लिहिणार होते. सातव्या ओळीपाशी ग्रंथ अडला असता तर तेही अडलं असतं. सुरी हातात घेतली तेव्हा हे माझ्या मनात होतं. किती होतं ते मला मोजता येत नाही.

आता कालचं.

गेले तीन आठवडे ते नीट जेवत नव्हते. कामाला बसायचे, पण ठशांना हात लावायचे नाहीत. ओडमबाई मला म्हणाल्या, “काय वाचायला दिलंस गं त्यांना? मालकीणबाई वारल्या तेव्हासुद्धा पुडिंग खाल्लं होतं त्यांनी.” प्रोफेसरांनी मला एकदा मध्येच विचारलं, “मिस हेलीवेल, चाळीस वर्षांचा असताना मी कसा माणूस होतो, कोण सांगू शकेल?” मी म्हणाले, तुमची पुस्तकं सांगतील. ते हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही.

काल पार्सल घेऊन मी जिन्यात उभी असतानाच हाक आली. “कागद घ्या. पत्र लिहायचंय.” मी पार्सल खुर्चीखाली ठेवून बसले.

“मि. एडविन पास्को यांस,” ते म्हणाले. “पत्ता तुम्हाला शोधावा लागेल.”

पत्ता मला पाठ आहे. मी टाक शाईत बुडवला.

“लिहा. ‘१८६१च्या उन्हाळ्यात सायप्रसमध्ये मी सातव्या ओळीच्या ठशावर स्वतःच्या हातानं तीन अक्षरं उठवली. ती दगडावर नव्हती. मला त्या आठवड्यात ताप होता आणि हे केल्याचं मला आठवत नाही, पण हात माझाच आहे. तुम्ही खरं सांगितलंत, आणि मी एका वाक्यात तुमचं...’ थांबलात का? टाक वाजत नाहीये.”

“सर, तुम्ही असं काही केलेलं नाही.”

“बोट ठेवल्याबरोबर कळलं मला. ती तीन अक्षरं बाकीच्यांपेक्षा तरुण आहेत. छिन्नीची अक्षरं दोन हजार वर्षं पायांखाली झिजलीयत, त्यांच्या कडा गोल आहेत. यांच्या कडा नखाला लागतात. कुणीतरी मागून दाबलंय. पेटी बत्तीस वर्षं माझ्या घरात आहे, पास्कोनं तिला हात लावलेला नाही. मग उरलं कोण? तुम्ही?” ते खरंच हसले. “या घरात खोटं न बोलणारं एकच माणूस आहे. लिहा पुढे.”

मी काय केलं होतं ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. ते चुकले होते, एवढंच. चूक प्रामाणिक होती. मी ती नाहीशी करायला गेले आणि त्यांना स्वतःच्याच नजरेत भामटा करून बसले. पुढचं वाक्य मी लिहिलं असतं तर त्यांनी सही केली असती आणि ते तसेच मेले असते. मला नोकरीही मिळाली असती कदाचित.

मी टाक खाली ठेवला. “सर, ती अक्षरं मी उठवली. चोवीस नोव्हेंबरला, तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा.”

त्यांनी विचारलं, “कशानं?”

“कागद कापायच्या सुरीनं.”

“ओला करून?”

“हो.”

“वाळवला किती?”

“दोन दिवस.”

“हं. काम नीट केलंत.” मग एकदम त्यांचा चेहरा वर झाला. अशी आशा मी कुणाच्या तोंडावर पाहिलेली नाही आणि पाहायची नाही. “म्हणजे अक्षरं होती तिथे? पुसट होती, तुम्ही ठळक केलीत?”

“नाही सर. तिथे काहीच नव्हतं. पेन्सिल होती फक्त.”

“कुणाची पेन्सिल?”

“तुमची.”

त्यांना सगळं समजायला दोन श्वासांहून जास्त वेळ लागला नाही. ते मोठे पंडित आहेत. मी घाईघाईनं म्हणत होते की ही लबाडी नव्हती, दमट हवा, पेन्सिल, कुणाकडूनही झालं असतं.

“लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं, पोरी,” ते म्हणाले. “मी त्या मुलाला दाराबाहेर काढलं ते पेन्सिलीच्या भरवशावर.”

मी खुर्चीखालचं पार्सल काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ते कुणाकडून आलं ते सांगितलं. गाठ सोडायला हात पुढे केला.

“हात लावू नका!”

गाठ त्यांनी स्वतः सोडली, पाव तास लागला असेल. ठसा उलगडून वरच्या कडेपासून वाचत आले. सातव्या ओळीत चार अक्षरं म्हटली. मग बोट कागदाच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून खाली पडलं. ते तसंच बराच वेळ टेबलावर होतं.

अर्धवट पत्र सोबत पाठवते आहे. ते खरं नाही, पण शेवटचं वाक्य तुम्हाला उद्देशून होतं, आणि तेवढं खरं आहे.

एस्तर हेलीवेल

* * *

हेब्डन ब्रिज, यॉर्कशायर
११ फेब्रुवारी १८९४

मि. पास्को यांस,

पत्ता बदललेला पाहून तुम्हाला कळलं असेल. मी आईकडे आहे.

त्या दिवसानंतर पाच दिवस प्रोफेसर माझ्याशी बोलले नाहीत. नाताळ त्यातच गेला. ओडमबाईंनी हंस भाजला होता, आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाल्ला. सव्वीस तारखेला त्यांनी बोलावलं. टेबलावर एकशे साठ ठशांच्या पेट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

“यांतल्या किती ठशांबरोबर तुम्ही एकट्या होता?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, सगळ्यांबरोबर. दोन वर्षं किल्ली माझ्याकडेच आहे.

“मग मी काय करू, मिस हेलीवेल?”

“सर, दुसऱ्या एकालाही मी काही केलेलं नाही. बायबलवर हात ठेवून सांगते.”

“शपथ नको. तुमचा शब्द मला शपथेहून मोठा होता, तीच तर अडचण आहे.” ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. “मी प्रत्येक ठसा बोटांनी पुन्हा पाहिला. कुठे कड धारदार लागली की वाटतं, ही छिन्नी की सुरी? पहिल्या दिवशी तीन जागा सापडल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. आता सगळीकडेच सापडतात. मूळ दगड पाहायला मी फिनिशियनांच्या टायर शहरात जाणार का, या डोळ्यांनी? आणि त्यांतले निम्मे तरी कुठे आहेत!”

मी म्हणाले की माझ्या जागी दुसरा जाणकार नेमा, तो भिंगाखाली तपासून सांगेल.

“सांगेल. आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवीन,” ते म्हणाले, “तुमच्यावर ठेवला तसा.”

ग्रंथ त्यांनी छापखान्यातून परत मागवला. मला जायला सांगितलं, महिन्याचा पगार देऊन, दारापर्यंत येऊन. माझं नाव कुठेही घेणार नाही असंही म्हणाले. सातव्या ओळीबद्दल दोन वाक्यं त्यांनी ओडमबाईंकडून लिहवून घेतली, वाण्याच्या यादीच्या अक्षरात: ‘मि. पास्को यांचं १८६८चं वाचन बरोबर होतं. माझं चूक होतं.’ ती प्राच्यविद्येच्या नियतकालिकाच्या मार्चच्या अंकात येतील. पाहायला तुम्हाला वेळ लागेल म्हणून आधी कळवते.

लोक मात्र वेगळंच बोलू लागले. थर्लोनं राजा बनवला होता, आता पकडला जाणार म्हणून ग्रंथच मागे घेतला, असं. ओडमबाईंच्या कानावर ते खाटकाच्या दुकानात आलं. प्रोफेसर यावर एक शब्द बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून मी छापखान्याला, त्या नियतकालिकाला आणि महिला महाविद्यालयाला तीन पत्रं लिहिली, काय झालं ते तारखेसकट. नियतकालिकाचं उत्तर नाही. महाविद्यालयाचं दोन ओळींचं आलं. ती जागा भरली गेली आहे.

इथे मी आईबरोबर फस्टियन कापते. लांबलचक टेबलावर कापड ताणायचं आणि सुरीनं त्याचे बारीक टाके कापत चालत जायचं, टोकापर्यंत, पुन्हा परत. रूबेन येता-जाता म्हणतो, “बी. ए. बाई, सुरी जरा हलकी धरा, कापड फाटेल.” त्याला सगळं माहीत नाही. आईला सांगितलं. ती कापड ताणत होती, मान वर न करता म्हणाली, “म्हाताऱ्याला विचारायचं तरी होतंस, खोटं हवंय का म्हणून.”

हे पत्र क्षमा मागायला लिहिलेलं नाही. ओडमबाईंनी मला गेल्या आठवड्यात कळवलं की ते दिवसभर तुमचा ठसा मांडीवर घेऊन बसतात. घरात तेवढ्या एकाच कागदावर त्यांचा भरवसा आहे. त्यांनी ओडमबाईंना सांगितलं की सायप्रसच्या तेवीसही दगडांचे दुहेरी ठसे तुम्ही घेतले होते. “मग मागवा की ते,” ओडमबाई म्हणाल्या. ते म्हणाले, “कोणत्या तोंडानं?”

त्यांना तोंड नाही, म्हणून मी विचारते, मला तर मुळीच नाही. बाकीचे बावीस अजून तुमच्याकडे असतील तर त्यांना पाठवा. एकशे साठांतले तेवीस तरी त्यांना पुन्हा खात्रीनं वाचता येतील. डॉक्टर म्हणतात, बोटांतही आता बधिरपणा येऊ लागला आहे, तेव्हा फार वेळ नाही. तुम्ही पाठवले नाहीत तर तुम्हाला कुणी काही म्हणू शकणार नाही, मी तर नाहीच.

पाठवलेत तर एवढं करा. माझ्या नावे पाठवू नका, छापखान्याकडेही नको. चेस्टर्टन रस्त्यावर त्यांच्याच नावे पाठवा. दोरीच्या प्रत्येक गाठीवर लाख लावा आणि लाखेवर तुमचा शिक्का उमटवा, म्हणजे वाटेत कुणी उघडलं नाही हे त्यांना बोटांनी कळेल. वर मोठ्या अक्षरांत लिहा की हे त्यांच्याखेरीज कुणीही सोडू नये. ओडमबाईंना वाचता येतं. त्या ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देणार नाहीत, माझ्याही नाही.

एस्तर हेलीवेल